चेहऱ्याला लागणारी गोष्ट

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचं यंत्र, घेताना लोक पडद्यावर पिक्सेल किती ते विचारतात, प्रोसेसर कुठला ते विचारतात, बॅटरी किती वेळ तग धरते ते विचारतात. चेहऱ्याला टेकणारी गादी कसली आहे, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. गंमत अशी की वापर सुरू झाला की थोड्याच दिवसांत त्या सगळ्या आकड्यांची नवलाई ओसरते आणि कायमची सोबत उरते ती या गादीचीच. बोटभर जाडीचा, काळा, फोमचा एक काठ. कपाळावरून सुरू होतो, कानशिलांवरून खाली उतरतो, गालांच्या हाडांवर टेकतो आणि नाकापाशी येऊन घोटाळतो. एवढ्या यंत्रातला हाच भाग आपल्याला सतत शिवत असतो, आणि नेमका तोच बनवताना कुणी फारसं डोकं चालवलेलं नसतं, असं मला बरेच दिवस वाटायचं. आता तसं वाटत नाही. डोकं चालवलेलं असतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी चेहऱ्यासाठी.

मी हेडसेट दोन कामांसाठी वापरतो. एक, घाम निघेल असे हातपाय हलवायचे खेळ. दुसरं, निवांत बसून दूरदूरच्या जागा बघणं. पहिल्या कामात गादी भिजते, दुसऱ्यात ती रुतते. खेळताना दुखतंय हे कळत नाही, कारण लक्ष समोरून येणाऱ्या गोष्टींकडे असतं. पण शांतपणे एखादी हिमनदी बघत बसलं की भुवयांच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, एक ठणका हळूहळू जागा होतो. मग हिमनदी राहते बाजूला आणि मन कपाळाशी येऊन बसतं. हेडसेट काढून आरशात पाहावं, तर डोळ्यांभोवती लाल चौकट उमटलेली. कुणी दारात आलं तर काय सांगायचं, हा प्रश्न पडावा इतकी ठळक.

या ठणक्याला वैद्यकशास्त्रात रीतसर जागा आहे. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात बाहेरून पडणाऱ्या दाबामुळे होणारी डोकेदुखी असा स्वतंत्र प्रकार नोंदवलेला आहे. हेल्मेट, पोहण्याचा चष्मा, कपाळावर घट्ट बसणारा पट्टा ही त्याची नेहमीची कारणं. त्याची ओळखही मोठी सोपी: दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखायला लागतं, जिथे दाब असतो तिथेच सगळ्यात जास्त दुखतं आणि दाब काढला की तासाभरात थांबतं. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेला हाडात एक छोटी खाच असते. बोटाने चाचपली तर लागते. कपाळाला संवेदना देणारी नस तिथूनच वर चढते, आणि हेडसेटच्या गादीचा वरचा काठ नेमका त्याच मुलखात मुक्काम ठोकतो. हे कळल्यावर मला बरं वाटलं. दुखण्याला पत्ता मिळाला की निम्मी चिडचिड कमी होते.

चेहरा आणि भिंग यांची ही अडचण तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकात दोन चित्रं एकत्र करून खोली दाखवणारे स्टिरिओस्कोप घरोघर पोचले. अमेरिकन डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१च्या सुमारास त्याचा एक हलका, हातात धरायचा प्रकार तयार केला. त्या घडणीच्या अनेक स्टिरिओस्कोपना डोळ्यांभोवती एक पत्र्याचं किंवा लाकडाचं झाकण असे आणि त्याच्या कडेला मखमल चिकटवलेली असे. म्हणजे आभासी जगाच्या तोंडाशी बसवलेली पहिली गादी मखमलीची होती, आणि ती बनवणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: बघणारा माणूस उपकरण कपाळाला टेकवणारच. शिवाय ते हातात धरलेलं असल्यामुळे दाब किती द्यायचा हे बघणाऱ्याच्या हातात होतं, अगदी शब्दशः.

पुढे यंत्र जड झालं आणि हात मोकळे हवे झाले, तशी पंचाईत सुरू झाली. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायचा पडदा जगापुढे मांडला, तेव्हा डोकं कुठे वळतंय हे मोजणारा यांत्रिक दांडा छतावरून खाली आलेला होता. ग्रीक गोष्टीतल्या, माथ्यावर टांगलेल्या तलवारीवरून त्याला दॅमोक्लिसची तलवार म्हणत. निन्टेंडोने १९९५ साली व्हर्च्युअल बॉय नावाचा खेळाचा संच आणला, तो डोक्यावर चढवायचा नव्हताच. दोन पायांच्या घोडीवर टेबलावर उभा असायचा आणि माणसाने वाकून त्यात तोंड घालायचं. वर्षभरात तो बाजारातून गेला. त्याच्या अपयशाची कारणं बरीच सांगतात, एकाच लाल रंगाचं चित्र हे त्यातलं मोठं. पण मला त्या वाकण्याचं जास्त वाटतं. मान आणि कंबर मोडून कुठल्या जगात रमायचं?

आता हेडसेट डोक्यावर बसतो, म्हणजे त्याचं ओझं कुणीतरी उचलायला हवं. ओझं उचलायचं काम गादीचं नव्हे, पट्ट्याचं. चेहरा दुखायला लागला की आपण आधी गादीला शिव्या घालतो, पण पुष्कळदा गुन्हेगार मागे बसलेला असतो. साधा कापडी पट्टा असला की हेडसेट पुढे झुकतो, गालांवर घसरतो. तो घसरू नये म्हणून आपण बाजूचे पट्टे आवळतो. आवळल्यावर तो चेहऱ्यावर नुसत्या घर्षणाने चिकटून राहतो, आणि ते घर्षण पुरेसं व्हावं म्हणून लागणारा दाब यंत्राच्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतो. अर्धा किलोच्या वस्तूसाठी चेहऱ्याने एवढा जाच का सोसावा? टाळूवरून जाणारा मधला पट्टा नीट ताणला, मागचा आधार कवटीच्या फुगीर भागाच्या खाली उतरवला, की बाजूचे पट्टे सैल सोडता येतात. गादी मग फक्त टेकते.

वजनाचे आकडे या बाबतीत फसवे आहेत. २०१६चा ऑक्युलस रिफ्ट ४७० ग्रॅमचा, २०२०चा क्वेस्ट २ हा ५०३ ग्रॅमचा, तर २०१९चा व्हॅल्व्ह इंडेक्स तब्बल ८०९ ग्रॅमचा. आणि आरामदायी म्हणून नावाजला गेला तो हाच इंडेक्स, कारण त्याचा पट्टा कडक होता आणि मागे भरपूर आधार होता. वजन किती यापेक्षा ते मानेच्या सांध्यापासून किती पुढे लटकतंय हे महत्त्वाचं. तेवढंच वजन दोन सेंटीमीटर पुढे सरकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना जास्त ओढ द्यावी लागते. म्हणूनच लोक मागच्या बाजूला बॅटरी बांधतात आणि एकूण वजन वाढूनही हायसं वाटलं म्हणून सांगतात. ॲपलने आपल्या व्हिजन प्रो या हेडसेटसाठी २०२५मध्ये जो नवा विणलेला पट्टा आणला, त्याच्या खालच्या पट्टीत तर मुद्दाम टंगस्टनचे तुकडे घातले. टंगस्टन म्हणजे शिशापेक्षाही जड धातू. सगळं जग ग्रॅम ग्रॅम वाचवत असताना कुणीतरी डोक्याच्या मागे टंगस्टन शिवतोय, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

प्लेस्टेशन व्हीआरने २०१६मध्ये वेगळीच वाट धरली होती. टोपीच्या काठासारखं एक कडं कपाळावर बसवायचं, त्याचं मागचं टोक डोक्याच्या मागे अडकवायचं आणि पडदा समोर लोंबता ठेवायचा. गाल मोकळे. डोळ्यांभोवती नुसती रबराची मऊ झालर, प्रकाश अडवायला. यात सगळा भार कपाळावर येतो, त्यामुळे कपाळ मजबूत असलेल्यांना ते आवडलं. माझं कपाळ नाजूक. मला गालांनी थोडा वाटा उचललेला चालतो.

तर पट्टा जागेवर आला, तरीही दुखत असेल, तर मग गादीकडे वळायचं. आणि इथे एक गोष्ट अशी आहे, जी गाद्या बदलणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गादी ही पाहण्याच्या सामग्रीतलीच एक वस्तू आहे. भिंग जागेवर पक्कं असतं, पडदा जागेवर पक्का असतो. डोळा त्यांच्यापासून किती अंतरावर राहणार, हे मात्र गादीची जाडी ठरवते.

खिडकीतून बाहेर बघताना आपण काचेला नाक लावलं की रस्ता दोन्ही टोकांपर्यंत दिसतो, मागे सरकलं की चौकट आड येते. भिंगाचंही तसंच. समजा भिंग ४० मिलिमीटर रुंद आहे. डोळा त्यापासून २० मिलिमीटरवर असेल तर त्या भोकातून ९० अंशांचं जग दिसेल. पाच मिलिमीटर जवळ आलं, तर १०६ अंश. प्रत्यक्षात पडद्याच्या कडा त्याआधीच आड येतात आणि भिंगांची आपली वेगळी गणितं असतात, पण मुद्दा खोटा ठरत नाही: फोमचा पाच मिलिमीटरचा थर काढून टाकला की जग रुंद होतं. हे मी पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा नवा हेडसेट घेतल्यासारखं वाटलं. दुर्बिणीतून बघत असल्याचा जो एक कायमचा भास होता, काळ्या नळीचा, तो निम्म्याने विरला. पडदा तोच, प्रोसेसर तोच. बदलली ती फक्त गादी.

म्हणून एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटच्या काळात हौशी लोक मूळ जाड गादी काढून सहा मिलिमीटरची पातळ गादी लावायचे. आरामासाठी बाजारात १४ आणि १८ मिलिमीटरच्याही गाद्या मिळायच्या आणि माणसाला ठरवावं लागायचं की गालांना सुख हवंय की डोळ्यांना. मऊपणा जाडीतून येतो आणि जाडी दृश्य खाते. मी स्वतः पातळ आणि जरा घट्ट गादीच्या बाजूचा आहे. पण पातळपणालाही हद्द असते. पापण्यांचे केस भिंगाला घासायला लागतात, भिंगावर तेलकट धूसर पट्टा येतो, आणि डोळे मिटले-उघडले की गुदगुल्या होतात. चष्मा असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण हेडसेटची भिंगं प्लॅस्टिकची असतात आणि चष्म्याची काच त्यांच्यावर टेकली की ओरखडा कायमचा. क्वेस्ट २ सोबत म्हणूनच एक जादा चौकट यायची, गादी आणि यंत्र यांच्यात बसवायची, चष्म्याला जागा करून द्यायला. क्वेस्ट ३ मध्ये ते अंतर पुढेमागे सरकवायची सोय यंत्रातच आली. मी चष्म्याचं झंझट नंबरची भिंगं बसवून मिटवलं आणि मगच पातळ गादीकडे वळलो. हा क्रम उलटा करू नये.

मऊपणाबद्दल मला थोडं अधिक बोलायचंय, कारण गाद्या विकणारे तेवढंच बोलतात. मेमरी फोम हा त्यांचा हुकमाचा एक्का. हा फोम १९६६ साली नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांच्या कामातून आला, विमानाच्या आसनांसाठी. त्याचा गुण असा की तो उबेने मऊ होतो आणि दाब काढला की सावकाश पूर्वपदावर येतो. बसून सिनेमा बघायला हे फार छान. चेहऱ्याच्या उंचसखल भागांत तो शिरतो, दाब पसरवतो, कपाळाचा एखादाच बिंदू एकटा मार खात नाही. पण तोच फोम झटक्यांना ताठर वागतो. खेळात मान भराभर वळवली की त्याला मागे यायला वेळ मिळत नाही, एका बाजूला दबलेला तसाच राहतो आणि हेडसेट किंचित तिरका होतो. शिवाय तो तापत जातो तसा दबत जातो, म्हणजे सुरुवातीला जिथे डोळा होता तिथे तो नंतर राहत नाही. चित्र मधेच का धूसर झालं म्हणून लोक भिंग पुसत बसतात. हलत्या खेळांसाठी मला साधा, चिवट, लगेच उसळणारा फोमच बरा वाटतो. दाबल्यावर बोटाची खूण न ठेवणारा.

वरच्या आवरणाची गोष्ट वेगळी, ती घामाची गोष्ट. उघड्या फोममध्ये घाम मुरतो आणि तिथेच राहतो. वासाचं मी वर्णन करत नाही. कापडी आवरण घाम टिपतं, चेहऱ्याला गार लागतं, धुता येतं. त्याची अडचण एवढीच की ओल्या कापडाला चेहरा लावणं ही दुसऱ्या फेरीची शिक्षा असते, म्हणून दोन संच लागतात. कृत्रिम चामड्याचं आवरण पुसून टाकलं की काम झालं, त्यामुळे ते लोकप्रिय आहे. पण ते घाम पीत नाही. घाम कपाळावरून ओघळून गादीच्या आतल्या काठाशी साचतो आणि डोकं खाली झुकवलं की थेट डोळ्यात किंवा भिंगावर. त्यात घाम आणि उष्णता मिळून त्या आवरणाचा पापुद्रा काही काळाने सुटायला लागतो, आणि गालावर काळे कण दिसायला लागले की समजावं तिचे दिवस भरले. सिलिकॉन सगळ्यात स्वच्छ. त्यात काही मुरत नाही, धुवा, पुसा, पुन्हा नवं. पण ओल्या चेहऱ्यावर ते सरकतं आणि कोरड्या चेहऱ्यावर ओढतं. एकच हेडसेट अनेकांनी वापरायचा असेल, तर सिलिकॉनला पर्याय नाही. स्वतःच्या रोजच्या वापराला मी ते लावणार नाही.

धुकं हा आणखी एक ताप. हेडसेटची भिंगं गार, चेहरा गरम आणि घामेजलेला. बंद पोकळीत वाफ भरते आणि गार भिंगांवर जमते. गादीने चेहऱ्याभोवती जितकी घट्ट तटबंदी केली, तितकं धुकं जास्त. उपाय फारसा शास्त्रीय नाही. यंत्र थोडा वेळ नुसतं चालू ठेवून तापू द्यायचं, आणि गादीच्या चौकटीला हवेची छिद्रं असतील ती आवरणाने झाकली जात नाहीत ना ते बघायचं. बाहेरच्या कंपन्यांच्या काही जाडजूड गाद्या ही छिद्रं बुजवतात. तेवढ्यासाठी मी एक फार सुंदर दिसणारी गादी परत केली. तसंच, धुतलेली गादी उन्हात घालावी, हेडसेट कधीही घालू नये. भिंगावर ऊन पडलं तर ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि पाहता पाहता डाग पाडतं.

फोम नुसता रुततो असं नाही, तो कातडीशी भांडूही शकतो. क्वेस्ट २ बाजारात आल्यावर काही महिन्यांतच लोकांच्या चेहऱ्यावर गादीच्या आकाराचे लाल चट्टे, खाज, सूज अशा तक्रारी येऊ लागल्या. जुलै २०२१ मध्ये विक्री थांबवली गेली आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगासोबत, हा हेडसेट बनवणाऱ्या फेसबुकने सुमारे ४० लाख फोमच्या गाद्यांबाबत अधिकृत सूचना काढली. त्वचेच्या त्रासाचे ५,७१६ अहवाल आले होते, त्यांतल्या सुमारे ४५ जणांना डॉक्टरांकडे जावं लागलं होतं. उपाय काय, तर गादीवर चढवायचं सिलिकॉनचं आवरण, फुकट. ऑगस्टमध्ये विक्री परत सुरू झाली तेव्हा ते आवरण खोक्यातच येऊ लागलं. अब्जावधी खर्चून उभारलेल्या यंत्राची वाट एका फोमच्या पट्ट्याने अडवली, हा त्या कहाणीतला माझा आवडता भाग. ४० लाखांत साडेपाच हजार म्हणजे फार नव्हेत, असं कुणी म्हणेल. पण बाकीच्यांपैकी किती जणांनी गालावरचे चट्टे उन्हामुळे आलेत म्हणून सोडून दिले असतील, हे कुठल्या तक्रार वहीत सापडणार?

कातडीचे त्रास सगळे एकाच जातीचे नसतात. घर्षण, दाब आणि साचलेला घाम यांनी येणाऱ्या पुळ्या वेगळ्या. खेळाडूंना हेल्मेटच्या पट्ट्याखाली येतात तशा. एखाद्या रसायनाची ॲलर्जी वेगळी. पहिल्या प्रकारात गादी धुणं, कोरडी ठेवणं, पट्टा सैल करणं याने फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात कितीही धुवा, ती वस्तूच बदलावी लागते, आणि चट्टे पुन्हा पुन्हा उठत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. नवी गादी आली की मी ती आधी उघड्यावर वारा लागेल अशी ठेवतो, वास जाईपर्यंत. चेहरा हा प्रयोगाचा पहिला प्राणी असू नये.

सुरुवातीला म्हटलं, गादी दुसऱ्याच कुणाच्या तरी चेहऱ्यासाठी बनवलेली असते. हा दुसरा कोण, याचा शोध घेताना मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो, श्वसनाच्या मास्कांपाशी. तिथे चेहऱ्याला काठ नीट बसणं हा जिवाचा प्रश्न असतो, त्यामुळे त्यांनी चेहरे मोजलेले आहेत. अमेरिकेत मास्क तपासायचे जुने आराखडे १९६७-६८ साली हवाई दलातल्या लोकांची मापं घेऊन बनवले गेले होते. पुढे २००३ मध्ये प्रत्यक्ष मास्क वापरणाऱ्या जवळपास चार हजार कामगारांचे चेहरे मोजले, तेव्हा दिसलं की जुन्या आराखड्याबाहेर राहणारे १५ टक्क्यांहून अधिक आहेत. हवाई दलातली माणसं म्हणजे सगळी माणसं नव्हेत, हे कळायला पस्तीसेक वर्षं लागली. जिथे विषारी हवेचा प्रश्न होता, तिथे ही तऱ्हा. मनोरंजनाच्या यंत्रासाठी कुणी माझ्या गालाची हाडं मोजायला येणार आहे थोडंच!

तरी हेडसेटवाल्यांना थोडी जाण होती. व्हाइव्हच्या खोक्यात २०१६ सालीच अरुंद चेहऱ्यासाठी एक दुसरी गादी यायची. क्वेस्ट २साठी रुंद आणि अरुंद चौकटींचा संच वेगळा मिळायचा. भिंगांमधलं अंतर मात्र काही यंत्रांत सरासरीच्या दावणीला बांधलेलं होतं. २०१९चा रिफ्ट एस तर ६३.५ मिलिमीटरवर पक्का केलेला. ज्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून बरंच कमी किंवा जास्त, त्यांनी डोळे ओढत बसायचं. आणि नाकाचं काय सांगावं. नाकाचा उंचवटा कमी असेल तर गादी आणि नाक यांच्यात बोट जाईल एवढी फट राहते, उंच असेल तर हाडावर घट्टा पडतो. एकाच साच्यातून निघालेली वस्तू शेवटी ज्याच्या चेहऱ्याशी जमेल त्याची.

त्यामुळे आपला चेहरा आपणच मोजायचा. त्याची माझी पद्धत अशी. हेडसेट नेहमीसारखा घालून थोडा वेळ बसायचं, काढायचा आणि लगेच आरशात बघायचं. लाल रेघ सगळीकडे सारखी फिकी असेल तर गादी बरोबर आहे. एखाद्या जागी गडद आणि शेजारी काहीच नाही, तर गादीचा आकार चेहऱ्याशी भांडतोय. मग कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, गादी आणि कातडी यांच्यात सरकवून ओढायची. जिथे अडते तिथे दाब, जिथे सुळकन निघते तिथे पोकळी. उपाय करायचा तो पोकळीच्या जागी: तिथे फोमचा पातळ तुकडा वाढवला की शेजारच्या दुखऱ्या जागेचा भार वाटला जातो. दुखतंय तिथेच आणखी मऊ काहीतरी ठोसायचा मोह होतो, पण त्याने तिथला दाब वाढतोच. एक सावधगिरी मात्र हवी. गालाखाली तीन-चार मिलिमीटर वाढवले की हेडसेट वर तोंड करतो, भिंगं तिरकी होतात आणि अक्षरं वरच्या किंवा खालच्या बाजूला विरघळायला लागतात. थोडं लावायचं, वाचून बघायचं, पुन्हा थोडं.

गादी कशी चिकटते, याकडे तर कुणीच बघत नाही, आणि मला आता तीच पहिली कसोटी वाटते. वेल्क्रो असेल तर गादी सहज निघते, पण वेल्क्रोच्या मागचा गोंद घामाने आणि उबेने सुटतो, आणि एक दिवस गादीऐवजी वेल्क्रोच हातात येतो. खाचेत अडकणाऱ्या चौकटी पक्क्या बसतात, पण काढताना काहीतरी मोडणार अशी धास्ती असते. इंडेक्सची गादी चुंबकाने बसायची, नुसती ओढली की हातात. ज्या गादीला काढायला कष्ट पडतात ती धुतली जात नाही. माझ्या घरी तरी नाही. तिचं कापड कितीही उंची असो, महिन्याभरात ती न धुतलेल्या मोज्यांच्या पंक्तीला जाऊन बसते.

नाकापाशी उरलेली फट मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. नव्या गादीसोबत ती बुजवायची एक रबरी जीभ आली होती, मी ती कापून टाकली. शुद्धतावादी लोकांना हे पटणार नाही. त्यांना संपूर्ण काळोख हवा असतो, प्रकाशाची एक तिरीपसुद्धा आली तर भ्रम भंगतो म्हणतात. ते खरंही आहे. रात्रीच्या आकाशाचं दृश्य चालू असताना खालून येणारा दिव्याचा उजेड खुपतो. पण त्याच फटीतून मला जमीन दिसते, माझे पाय दिसतात, कुणी खोलीत आलं तर त्याची सावली दिसते. आता बाहेरचं जग दाखवणारे कॅमेरे हेडसेटमध्येच आले आहेत, दोनदा टिचकी मारली की खोली दिसते. तरी नुसती नजर खाली टाकून बघण्यात जे सुख आहे ते टिचकीत नाही. २०२२च्या क्वेस्ट प्रोने तर गालांवरची गादीच काढून टाकली होती. कपाळाचा आधार, बाजूंना चुंबकाने लावायच्या हव्या तर झडपा, बाकी सगळं उघडं. अर्धं जग आभासी आणि अर्धं आपलं, अशी ती रचना कित्येकांना अपुरी वाटली, मला ती फार शहाणी वाटली होती.

दुसऱ्या टोकाला बिगस्क्रीन बियाँड आहे. २०२३चा हा हेडसेट अवघ्या १२७ ग्रॅमचा. त्याची गादी मागवणाऱ्याच्या चेहऱ्याचं फोनने स्कॅन घेऊन, त्या एकाच चेहऱ्यासाठी घडवली जायची. ॲपलनेही २०२४मध्ये व्हिजन प्रो विकताना फोनने चेहरा स्कॅन करून अनेक मापांतून गादी निवडून देण्याची पद्धत ठेवली. म्हणजे सरासरी चेहऱ्याची सद्दी संपत आली म्हणायची. कपाळाची प्रत्येक वळी ओळखणारी गादी, पट्टा नावापुरता, दाब सगळीकडे सारखा. माझ्या सगळ्या तक्रारींवर हा जवाब आहे, हे मला मान्य आहे. आणि तरीही मी तो घेण्याच्या बेतात नाही.

कारण हेडसेट ही माझ्याकडे एकट्याने वापरायची वस्तू कधीच राहिली नाही. कुणी ना कुणी येतं, कोपऱ्यात ठेवलेलं ते यंत्र बघतं, आणि हे काय आहे म्हणून विचारतं. मग ते आत्याबाईंच्या डोक्यावर चढतं, भाच्याच्या चढतं, आत्याबाईंचा अंबाडा आडवा येतो, भाच्याला पट्टा पार आत ओढून घ्यावा लागतो, सगळे हसतात. ‘अगंबाई!’ असा उद्गार निघतो आणि हात हवेत काहीतरी शोधायला लागतात. माझ्याच चेहऱ्यावर ओतलेली गादी असती तर त्यांच्यापैकी एकालाही ती बसली नसती. म्हणून मी दोन गाद्या ठेवल्या आहेत. एक पातळ, कापडी, गालाच्या बाजूला फोमचे तुकडे चिकटवलेली, दिसायला गबाळी आणि मला नेमकी बसणारी. दुसरी रुंद, सिलिकॉनची, पुसून कुणालाही देता येणारी, कुणालाच फार छान न बसणारी. पाहुणे येणार असले की मी आधी गादी बदलतो. परवा भाचा म्हणाला, ‘मामा, मला तुमची वाली लावा ना, त्यात जास्त दिसतं.’ लावून दिली. त्याच्या गालांवर ती दोन्ही बाजूंनी तरंगत होती आणि आत सगळीकडून उजेड येत होता, पण जास्त दिसतं हे त्याचं बरोबर होतं. आता त्याच्या मापाची तिसरी गादी कापायला घेतली आहे. त्याची बोटं सारखी नाकापाशी जातात, तेव्हा ती रबरी जीभ त्याला हवी आहे की नको, ते अजून विचारायचं राहिलं आहे.